पैसा ठरण्याआधीच नोटीस
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सरकारी शाळांचा बराचसा पैसा राज्याकडून येतो. अंदाजपत्रक मंजूर करण्याची विधिमंडळाची मुदत १५ जून. पण शिक्षक कमी करायचे तर पहिली नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते! म्हणजे हाती किती पडणार हे कळण्याच्या तीन महिने आधी. साहजिकच भीतीपोटी जादा नोटिसा निघतात. पुढे कित्येक मागेही घेतल्या जातात.

नोकरीत जो नवा, त्याला साधारणपणे आधी नोटीस. आणि वाचकहो, नवे शिक्षक जास्त कुठे असतात? गोरगरिबांच्याच शाळांत. मंदीच्या २००९ साली लॉस एंजेलिसच्या अशा तीन शाळांत निम्म्याच्या आसपास वा अधिक शिक्षकांना नोटिसा गेल्या. वर्गावर बदली शिक्षक येत-जात राहिले. अखेर २०१० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या वतीने कोर्टात दावा दाखल झाला.