स्वमग्न बालकाचे शिक्षण : पालकांनी काय करावे?

दोन-अडीच वर्षांचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. परंतु शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडल्याचा आवाज होताच धावत येते. खेळण्यातील मोटार चालविण्याऐवजी तिचे एकच चाक ते तासन्‌तास फिरवीत बसते. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, तर आईचा हात धरून तिच्याकडे नेते. घरातील वडीलधारी मंडळी "काही मुले उशिराच बोलतात" असे सांगून धीर देतात. हा धीर सद्‌भावनेपोटी दिलेला असला, तरी त्यापायी बालकाच्या शिक्षणाची सर्वांत मोलाची वर्षे हातची निघून जातात.

वर वर्णिलेली लक्षणे स्वमग्नतेची असू शकतात. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ बालकांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन प्रथम सविस्तर मांडले. पुढे काही काळ आईच्या मायेतील कोरडेपणास याचा दोष दिला जात असे. हे मत चुकीचे असल्याचे सिद्ध झाले आहे. गोवर-गालगुंडाच्या लसीशी स्वमग्नतेचा संबंध जोडणारा १९९८ चा लेखही संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तीत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. ती औषधाने बरी होत नाही. बालकाची प्रगती घडवून आणण्याचे प्रमुख साधन शिक्षण हेच होय.

पहिले पाऊल

शंका येताच प्रथम श्रवणतपासणी करून घ्यावी. मूल आवाजाकडे धावते एवढ्यावरून त्याला सर्व काही नीट ऐकू येते असे गृहीत धरू नये. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. १६ ते ३० महिन्यांच्या बालकांसाठी पालकांना विचारावयाच्या २० प्रश्नांची एक प्राथमिक चाचणी उपलब्ध आहे. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शाळकरी मुलांची एकदा तपासणी केली जाते. त्या पथकाकडे आपली शंका मोकळेपणाने बोलून दाखवावी. पथकाने शिफारस केल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील तपासणी होते.

प्रमाणपत्रासाठी भारतीय परिस्थितीस अनुसरून तयार केलेली ४० मुद्द्यांची मूल्यमापन श्रेणी वापरली जाते. सामाजिक देवाणघेवाण, भावना, भाषा, वर्तन, संवेदना व आकलन अशा सहा अंगांनी तीत विचार केलेला असतो. तिच्या आधारे स्वमग्नता सौम्य, मध्यम की तीव्र, हे ठरते. या तपासणीच्या वेळी बालकाच्या घरच्या वागणुकीची लेखी टिपणे सोबत नेल्यास तज्ज्ञांना मोठे साहाय्य होते.

कायद्याचे पाठबळ

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तिला २१ दिव्यांगत्वांत स्थान मिळाले. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यानुसार शासनमान्य वा शासन-अनुदानित शिक्षणसंस्थांनी दिव्यांग बालकास भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा असतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकास जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. याखेरीज राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी. प्रमाणपत्र सवलतींसाठी आवश्यक असते. शिक्षणाच्या प्रारंभासाठी नव्हे. ते हाती येईपर्यंत वाचाउपचार, व्यवसायोपचार वा अंगणवाडीत जाणे थांबवू नये.

शाळेकडे काय मागावे?

"याला सांभाळून घ्या" एवढी मोघम विनंती पुरेशी नसते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांच्या साहाय्याने बालकासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करण्याची मागणी करावी. या आराखड्यातील उद्दिष्टे मोजता येतील अशी असावीत. "मूल बोलू लागेल" असे लिहिण्यापेक्षा "तहान लागल्यावर पाण्याचे चित्र दाखवील" हे उद्दिष्ट अधिक उपयोगी ठरते, कारण तीन महिन्यांनी ते साधले की नाही हे सर्वांनाच सांगता येते.

वर्गातील सोयी फारशा खर्चिक नसतात. दिवसभराचा क्रम चित्रांनी दाखविणारा तक्ता, एका वेळी एकच छोटी सूचना, ठरलेली जागा, आणि घंटेच्या कर्कश आवाजाने मूल बिथरल्यास क्षणभर शांत बसण्यासाठी एखादा कोपरा, एवढ्याने बराच फरक पडतो. अवघड बाब आहे ती प्रशिक्षित शिक्षकांची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर १० व त्यावरील स्तरांवर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. हे प्रमाण आपल्या शाळेत कितपत पाळले जाते, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांनी अवश्य मांडावा.

शाळा काही तासांची असते, घर मात्र दिवसभराचे. तक्त्यावरील तीच चित्रे स्वयंपाकघरातही लावली, आजी-आजोबांनीही त्याच पद्धतीने सूचना दिल्या, तर शिकलेले टिकते. प्रगती संथ असेल, कधी ती थबकल्यासारखीही वाटेल. तथापि, जे मूल आज आईचा हात ओढून माठाकडे नेते, ते उद्या चित्र दाखवून पाणी मागू लागले, तर आपले मागणे दुसऱ्यास कळते हे त्याला उमगलेले असते. पुढील सर्व शिक्षणाचा पाया हाच होय, आणि तो घालण्याचे काम शंका आली त्याच आठवड्यात सुरू करता येते.