स्क्रूच्या अंगात औषध

जबड्यात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू हातात घेतला तर धातूच वाटतो. हाडाला मात्र शिवतो तो त्यावरचा ऑक्साइडचा थर, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. हवा लागताच तो आपोआप धरतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. हाड त्याला इतके घट्ट धरते, त्यात या थराचा मोठा वाटा.

पण जीवाणूंनाही ही जागा मानवते. त्यांचा चिकट थर एकदा साचला, की गोळ्या घेऊन तो हटवणे फार अवघड. म्हणून औषध आधीच स्क्रूवर ठेवावे, असा विचार पुढे आला. नुसते चोपडून भागत नाही. रक्त-लाळेत ते लगेच धुऊन जाते.

औषधाला दडायला जागा करायची ती विजेने. स्क्रू धन टोकाला जोडतात, प्लॅटिनमचा पत्रा ऋण टोकाला, आणि दोन्ही इथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवतात. त्यात थोडे पाणी आणि चिमूटभर अमोनियम फ्लोराइड. वीज ऑक्साइड वाढवत जाते, फ्लोराइड तोच ऑक्साइड विरघळवत जातो. या ओढाताणीतून उभ्या नळ्यांचे दाट रान तयार होते. वरून पाहिले तर मधाचे पोळेच. नळ्या किती रुंद हे मुख्यतः व्होल्टेज ठरवते, किती खोल हे बरेचसे वेळ. रुंदी साधारण 20 ते 150 नॅनोमीटर. मग सुमारे 450 अंश सेल्सिअसला भाजले, की ऑक्साइड स्फटिकरूप होतो.

भरणे त्यामानाने सोपे. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकायचे, निर्वातात वाळवायचे, पुन्हा टाकायचे. औषध उष्णता सोसणारे नसेल तर निर्जंतुकीकरण आधी उरकावे लागते.

खरी डोकेदुखी पुढे. उघड्या नळ्यांतले बरेचसे औषध पहिल्या काही तासांतच बाहेर पडते. त्याला आवर घालायला तोंडावर कायटोसानसारख्या पॉलिमरचे पातळ झाकण देतात. ते हळूहळू झिजते, औषध झिरपत राहते. झाकण जाड झाले तर मात्रा इतकी कमी पडते, की जीवाणू मरण्याऐवजी सरावतात. शिवाय स्क्रू हाडात पिळताना नळ्यांचा थर सोलवटू शकतो. माझ्या मते तंत्राची खरी परीक्षा प्रयोगशाळेतल्या बशीत नाही, या पिळण्यात आहे.

दवाखान्यात सर्रास मिळणारे बहुतेक इम्प्लांट अजून वाळूसारख्या कणांचा मारा आणि आम्लाने खरवडलेलेच असतात. त्यांत औषध नसते.