किल्ली फिरवली, पण गाडी गप्प

गाडी सुरू होत नसेल तर बॉनेट उघडण्याआधी नीट कान द्या. किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक-टक-टक' वाजलं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. मल्टिमीटर लावून बघा: भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२च्या खाली गेली की जवळजवळ रिकामीच.

पण लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका, आधी टर्मिनल बघा. तिथे पांढरट-हिरवट भुकटी साचलेली असते, कधी क्लॅम्प हाताने हलवला तरी गरकन फिरतो. इंजिन बंद ठेवून काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी सोडवा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा, घट्ट आवळा. जोडताना काळी शेवटी. एवढ्यानेच कितीतरी गाड्या सुरू होतात!

स्टार्टर जोमाने फिरतोय, तरी इंजिन पेटत नाही? मग बॅटरीचा दोष नाही. पेट्रोल गाडीत किल्ली 'ऑन'वर नेली की बहुधा मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद बारीक घरघर येते. ती आली नाही, तर पंपाचा फ्यूज तपासा. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर घरातली दुसरी किल्ली लावून बघा.