स्पिरिट लेकमध्ये गळ टाकू द्यावा का?

१८ मे १९८०. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उत्तरेकडचा कडा ढासळला आणि पायथ्याच्या स्पिरिट लेकमध्ये घुसला. तळ्याचं पाणी समोरच्या डोंगरावर अडीचशे मीटरहून उंच चढलं, परतताना हजारो झाडं ओढून घेऊन आलं. ते ओंडके आजही वाऱ्याबरोबर या काठावरून त्या काठाला तरंगत जातात.

मासे अर्थातच संपले. कोमट, काळ्या पाण्यात जिवाणू माजले आणि त्यांनी प्राणवायू जवळजवळ फस्त केला. मग पावसाने, वितळत्या बर्फाने पाणी निवळत गेलं. उजेड खोल पोचला, शेवाळ आलं, पाठोपाठ कीटक. १९९३ मध्ये चक्क रेनबो ट्राउट सापडला! बहुधा कुणीतरी गुपचूप आणून सोडलेला. आयतं खाणं मिळाल्याने हे मासे गलेलठ्ठ झाले. गळवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटणारच.

‘मासा माणसानेच सोडला, मग माणसाने पकडला तर बिघडलं कुठे?’ प्रश्न बिनतोड वाटतो. पण १९८२ पासून हा परिसर राष्ट्रीय स्मारक आहे, निसर्ग स्वतःच्या गतीने कसा सावरतो ते पाहण्यासाठी राखलेला. मासे काढले की त्यांचं खाद्य असलेले कीटक वाढणार. मग बदल तळ्याचा की गळाचा, हे ओळखायचं कसं? शिवाय बुटांना, होड्यांना चिकटून परके जीव येतात ते वेगळेच.

माझं मत : नको. त्याच उद्रेकातून जन्मलेल्या जवळच्या कोल्डवॉटर लेकमध्ये मासेमारीला परवानगी आहे. हौस तिथे भागवावी.