घरच्या बागेतील मंडप

उद्यानात बसण्यासाठी मंडप उभारण्याची प्रथा आपल्या देशात जुनी आहे. मोगल उद्यानांतील बारादरी हे तिचे सुपरिचित रूप होय. बारा द्वारे असलेली ती बारादरी. तिच्यात भिंतींपेक्षा मोकळ्या कमानींनाच महत्त्व अधिक. अजमेर येथे आनासागर तलावाच्या काठी शाहजहानने १६३७ साली बांधविलेले संगमरवरी मंडप आजही पाहावयास मिळतात. पाण्यावरून येणारा वारा त्यांच्या खांबांमधून आरपार वाहतो. मंडपाचे सुख त्याच्या नक्षीपेक्षा त्याच्या जागेवर अवलंबून असते, हे अशा वास्तू पाहिल्या म्हणजे पटते.

घरच्या लहान बागेत नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. सुबक आकाराचा मंडप हिरवळीच्या मधोमध उभा केला जातो आणि वैशाखात तिसऱ्या प्रहरी त्यात कोणालाही बसवत नाही. कलत्या सूर्याचे किरण छपराखालून तिरपे आत शिरतात. त्यांना केवळ छप्पर अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेच्या बाजूला जाफरी बसवून तीवर वेल चढवावा व वाऱ्याची बाजू मोकळी ठेवावी. जागा ठरविण्यापूर्वी काही दिवस निरनिराळ्या वेळी बागेत खुर्ची टाकून बसावे. सावली कोठे पडते, वारा कोठून येतो आणि पावसाळ्यात पाणी कोठे साचते, हे पाहून ठेवावे. एकदा पाया घातल्यावर चूक सुधारणे खर्चाचे होते.

चार-पाच माणसांना ऐसपैस बसण्यास सुमारे ३ मीटर लांबी-रुंदीची जागा पुरते. जमीन भोवतालच्या मातीपेक्षा १५ सेंटिमीटर तरी उंच असावी. लाकडी खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे करून पक्के जखडावेत. त्यामुळे ओल व वाळवी यांचा उपद्रव कमी होतो. राजस्थानात दगड सुलभ आहे, आसामात बांबू. कोकण-केरळच्या मुसळधार पावसात उतरते कौलारू छप्पर उत्तम. समुद्रकाठी लोखंड लवकर गंजते, तर वादळी किनाऱ्यावर छप्पर खांबांशी व खांब पायाशी घट्ट बांधलेले नसतील तर ते उडून जाण्याचा धोका असतो.

वेलाची निवडही विचारपूर्वक करावी. जाई-जुई नाजूक व सुगंधी असल्यामुळे हलक्या जाफरीला शोभतात. मधुमालतीची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात आणि पुढे गुलाबी व लाल होतात. परंतु तिचा विस्तार मोठा असल्याने आधार भक्कम हवा. बोगनवेलीला काटे असतात, म्हणून ती प्रवेशाजवळ लावू नये. उत्तर भारतात द्राक्षवेल विशेष सोयीचा. हिवाळ्यात त्याची पाने गळून मंडपात ऊन येते आणि उन्हाळ्यात दाट सावली मिळते.

वेल वाढून मंडप झाकला जाण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तेवढा धीर धरणाऱ्यास मंडपाचा खरा लाभ होतो. पुढेही दरवर्षी छाटणी चुकवू नये, कारण पावसाने भिजलेल्या दाट वेलाचा भार दुर्बळ खांबांना पेलवत नाही.