खिडकीतली पालेभाजी

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या एका खोलीत ओटा, कॉट आणि शिलाई मशीन मांडलं की जागा संपते. तरी पूर्वेच्या खिडकीत श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत पालक आणि पुदिना वाढतो, मातीवाचून. रोपाला मातीतले क्षार हवे असतात, माती नव्हे, हे जर्मनीत साक्स आणि नॉप यांनी १८६०च्या सुमारास दाखवून दिलं होतं.

माझी पद्धत हवाईच्या बर्नार्ड क्रॅटकींची. पंप नाही, वीज नाही. झाकणाला भोक, त्यात जाळीच्या पेल्यात रोप, खाली खताचं पाणी. पाणी उतरतं तशी वरची मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात, म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. बाहेरून काळा कागद हवाच, नाहीतर शेवाळ धरतं. पीएच साडेपाच ते साडेसहा. शेजारणी विचारतात, युरिया टाकू का? नको. त्याचं नायट्रेट करणारे मातीतले जिवाणू इथे पुरेसे नसतात. पाण्यात विरघळणारं, सूक्ष्मद्रव्यांसह खत घ्या.

सुरतेचा मे मात्र वैरी. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मुळं कुजतात. तेव्हा पालक लारीवरूनच आणावा. आणि मातीविना लागवडीच्या तयार किटच्या खोक्यावरच्या लालबुंद टोमॅटोंना भुलू नका, खिडकीतलं थोडं ऊन त्यांना पुरत नाही.