‘ओके’ची जन्मकथा

अमेरिकेचे सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन जमत नसे, म्हणून ते ‘ऑल करेक्ट’च्या जागी ‘ओ. के.’ असा शेरा मारत, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. ती खोटी आहे. १८४० च्या निवडणुकीच्या धामधुमीत विरोधकांनी ती पसरवली. यादवी युद्धात एकही सैनिक पडला नाही की ‘झीरो किल्ड’चं ‘ओके’ लिहीत, ही कथाही टिकत नाही. ते युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं आणि शब्द तोवर वीस वर्षं छापला जात होता. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर तो चॉक्टॉ या आदिवासी भाषेतला आहे असं मानून ‘ओकेह’ लिहीत.

छापील पुरावा मात्र बॉस्टनकडे नेतो. तिथल्या वृत्तपत्रांत १८३० च्या दशकात मुद्दाम चुकीचं शुद्धलेखन करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम होती. ‘ऑल राइट’ हे ‘oll wright’ असं लिहून त्याचं ‘ओ. डब्ल्यू.’ व्हायचं. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये अशाच थट्टेत ‘ओ. के.’ आलं आणि पुढेच ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही होता. हा माग काढला कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी. जुन्या वृत्तपत्रांचे ढीग उपसून १९६३-६४ मध्ये त्यांनी ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात पुरावे मांडले. दंतकथांना असं चिकाटीचं उत्तर क्वचितच मिळतं.

टूम ओसरली, भावंडं विस्मृतीत गेली. ‘ओके’ वाचलं ते राजकारणामुळे. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन किंडरहूक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये ‘ओ. के. क्लब’ काढला. व्हॅन ब्यूरन १८४० मध्ये हरले, शब्द मात्र देशभर पोहोचला.

‘ओके’ म्हणजे ‘उत्तम’, हाही गैरसमजच. साहेबांनी बिल ‘ओके केलं’ म्हणजे मंजुरी. सिनेमा ‘ओके होता’ म्हणजे जेमतेम बरा. बोलता बोलता कुणी नुसतं ‘ओके...’ म्हणून थांबलं, तर बहुधा विषय बदलायचा असतो. इंग्रजीत आणि मराठीतही अर्थ ठरवतो तो सूर.

आणि अंगठा वर केला की ‘ओके’, हे तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करताना विसरायचं. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.